एक खोटं कमी पडतंय

"पोह्यांवर झाकण ठेव. वाफ निघून जातेय," शिवाजीराव काळभोर म्हणाले.

सुमंगलाबाईंनी मुकाट्याने झाकण ठेवलं. लग्न होऊन देवासला आल्यापासून त्या पोहे करत होत्या, आणि झाकण ठेवायला त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"दाणे जरा जास्तच पडले. आणि जिरावनचा मसाला आत घालायचा नसतो, वरून भुरभुरवायचा असतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर डबा आधीच का उघडून ठेवला? वास उडतो."

"अहो, आज टेकडीवर नाही का जायचं?" सुमंगलाबाईंनी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"नाही. त्या माणसाबरोबर तर बिल्कुल नाही," म्हणून शिवाजीरावांनी कढईत डोकावून पाहिलं.

तो माणूस म्हणजे तात्यासाहेब जामदार. निवृत्त झाल्यापासून दोघं रोज पहाटे मिळून टेकडी चढत, देवीला नमस्कार करत, उतरताना कचोरी खात आणि घरी येऊन बायकांना काही खाल्लं नाही म्हणून सांगत. या फेरीवरच दोन्ही घरांची सकाळ उभी होती. दोन-अडीच तास घर बायकांचं असायचं.

मैत्री जुनी असली तरी मतं कधीच जुळली नव्हती. शिवाजीरावांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात होते आणि तात्यासाहेबांचे धाकट्या पातीच्या. दोन्ही संस्थानं केव्हाच गेली, पण एका पातीच्या माणसाने दुसऱ्या पातीच्या माणसाचं पहिल्या झटक्यात ऐकायचं नाही, ही रीत दोन्ही घरांनी जपली होती. आता दरबार नव्हते म्हणून पक्ष होते. तात्यासाहेब सरकारच्या बाजूचे आणि शिवाजीराव विरुद्ध, किंवा शिवाजीराव विरुद्ध म्हणून तात्यासाहेब बाजूचे. नक्की कसं ते त्यांनाही आठवत नसे.

भांडण झालं ते मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तात्यासाहेबांनी आरशासारख्या चकचकीत रस्त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या बदनावर गावचा नवा रस्ता. जळणाऱ्यांनी जळावे.' शिवाजीरावांनी तासाभरात एका सत्यशोधक संस्थेचा दुवा टाकला. फोटो परदेशातला निघाला.

"ती संस्था तुमचीच. तिला आमच्याच बातम्या खोट्या दिसतात," तात्यासाहेबांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शिवाजीरावांनी कोसळलेल्या पुलाचा फोटो टाकला. 'कुक्षीचा पूल पडला, आता तरी डोळे उघडा.' तात्यासाहेबांनी दुसऱ्याच सत्यशोधक संस्थेचा दुवा टाकला. फोटो जुना निघाला आणि दुसऱ्या राज्यातला.

"हिला तर पगार तुमच्याकडूनच मिळतो," शिवाजीरावांनी लिहिलं.

त्यावर तात्यासाहेबांनी फक्त एवढंच लिहिलं, 'उद्या सकाळी माझी वाट पाहू नये.' तेव्हापासून शिवाजीराव स्वयंपाकघरात होते.

तात्यासाहेबांकडे तरी काय वेगळं होतं? दुपारी त्यांच्या पत्नीचा, कुसुमावतींचा फोन आला. "वहिनी, हे सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतायत. मिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहिलंय. मला काय मालूम नव्हतं? काही तरी करा हो, नाही तर मी माहेरी जाते."

"तुमचं माहेर इथून दोन गल्ल्या. तिथेही येतील चिठ्ठ्या घेऊन," सुमंगलाबाई म्हणाल्या.

दोघींनी बराच विचार केला. खरं-खोटं ठरवणारा असा कोणी हवा, ज्याचं दोघंही ऐकतील. देवासात असा माणूस मिळणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येकाला कुठली ना कुठली पाती होती. शेवटी धारच्या भैयासाहेबांचं नाव निघालं. दोघांचेही ते कॉलेजातले मित्र. त्यांनी जन्मात कोणाची बाजू घेतली नव्हती. लग्नात गेले तर मुलीकडचे की मुलाकडचे हे कोणाला कळत नसे. ते जिलबीच्या जवळ बसत.

भैयासाहेबांनी होकार दिला. इंटरनेटवर त्यांचा विश्वास नव्हता, पण धार जिल्ह्यात त्यांचे नातलग नाहीत असं गाव नव्हतं. बदनावरच्या आत्तेभावाला त्यांनी रस्ता बघून यायला पिटाळलं आणि ग्रुपवर निकाल टाकला: 'रस्ता आहे, पण फोटोतला नाही. खऱ्या रस्त्यावर सध्या म्हैस बसली आहे. बातमी खोटी.' मग कुक्षीचा: 'पूल उभा आहे. आमचे मेहुणे आत्ताच त्यावरून भाजी घेऊन आले. बातमी खोटी.'

दोघांनाही हे पसंत पडलं. मात्र दोघांनी मिळून एक अट घातली. महिन्याच्या शेवटी दोन्ही बाजूंची खोटी सारखी भरली पाहिजेत. एकाची जास्त भरली, तर भैयासाहेब पक्षपाती. कोणालाही नाही म्हणणं भैयासाहेबांच्या स्वभावात नसल्याने त्यांनी याही गोष्टीला मान डोलावली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

तरी तीन आठवडे फार सुखाचे गेले. टेकडी पुन्हा सुरू झाली. सुमंगलाबाई पहाटे एकट्या चहा घेऊन ओट्याशी उभ्या राहत आणि पोह्यांवर झाकण ठेवावंसं वाटलं तर ठेवत.

पण शिवाजीराव सावध झाले होते. चार बातम्या खोट्या ठरल्यावर त्यांनी धसका घेतला आणि नंतर नुसत्या गाड्यांच्या वेळा टाकायला सुरुवात केली. एकदा तर त्यांनी उद्याच्या सूर्योदयाची वेळ टाकली. भैयासाहेबांनी पहाटे उठून तीही पडताळली आणि 'खरी' म्हणून लिहिलं. तात्यासाहेब मात्र जुन्याच जोमात होते. महिना संपत आला तेव्हा त्यांची पाच खोटी भरली आणि शिवाजीरावांची चार.

"पाच-चार! म्हणजे आम्ही जास्त खोटारडे?" तात्यासाहेब टेकडीच्या पायथ्याशीच थांबले. "हा सरासर पक्षपात आहे, शिवाजीराव. रविवारपर्यंत हिशेब सारखा झाला तर ठीक. नाही तर सोमवारपासून तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या."

ही बातमी ऐकून सुमंगलाबाईंचा जीव खाली-वर झाला. पुन्हा ते झाकण, पुन्हा ते जिरावन.

"अहो, एक खोटं पाठवून द्या ना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"छोटंसं. कोणाला त्रास न होणारं."

"सुमंगला! मी उभा जन्म इमानदारीने नोकरी केली. मी खोटं पाठवू?"

"आधी चार पाठवलीतच की."

"ती चार मला खरी वाटत होती! फर्क आहे त्यात!" आणि ते तणतणत आंघोळीला गेले.

फोन टेबलावर पडला होता. सुमंगलाबाईंनी दाराकडे पाहिलं, पाण्याचा आवाज ऐकला आणि फोन उचलला. बातमी अशी हवी होती की शेंबडं पोरही ती खरी मानणार नाही. नवऱ्याबद्दल अशी बातमी शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी लिहिलं, 'येत्या रविवारी मी स्वतःच्या हाताने दाल-बाफले करून सर्व ग्रुपला जेवू घालणार आहे. आपला, शिवाजीराव काळभोर.'

स्वयंपाकघरात नुसतं बोलणारा हा माणूस. याने आजवर पापडसुद्धा भाजला नव्हता, कणकेचे गोळे मळून भाजायचे बाफले तर दूरच. आता भैयासाहेब फोन करतील, हे नाही म्हणतील, बातमी खोटी ठरेल, पाच-पाच होतील आणि सोमवारी टेकडी. सुमंगलाबाईंनी समाधानाने फोन जागेवर ठेवला.

शिवाजीराव आंघोळ करून येईपर्यंत ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. कोपऱ्यावरच्या घरातली रुची, जिचं मराठी दुसऱ्या ओळीला थकायचं, तिने लिहिलं होतं, 'काका ग्रेट आहात! लड्डू भी रहेंगे ना?' एकाने पाहुणे आणले तर चालतील का म्हणून विचारलं होतं आणि दुसऱ्याने त्याला परस्पर हो सांगितलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"शिवाजीराव, भैयासाहेब बोलतोय. ती बाफल्यांची बातमी पडताळायची होती. खोटीच असणार म्हणा. तसं लिहू?"

"कसले बाफले?" म्हणत शिवाजीरावांनी ग्रुप उघडला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. सुमंगलाबाई एकाएकी कोथिंबीर निवडू लागल्या होत्या.

"एक खोटं कमी पडत होतं ना," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणा की खोटी आहे. संपलं."

"हॅलो? काय लिहू? खोटी?" भैयासाहेबांनी पुन्हा विचारलं.

शिवाजीरावांपुढे मोठाच पेच होता. खोटी म्हणावं, तर स्वतःच्या नावाची, स्वतःच्या फोनवरून गेलेली आणि तीही पहिल्या ओळीत 'मी' असलेली बातमी खोटी. बायकोने पाठवली म्हणावं, तर घरातली गोष्ट धारपर्यंत जाणार. आणि कसंही केलं तरी तात्यासाहेब वर्षभर कचोरी खाताना हसणार.

"खबरदार खोटी लिहाल तर! माझी बातमी आहे. खरी लिहा!" ते गरजले.

सुमंगलाबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांना ज्या माणसाला स्वयंपाकघराबाहेर काढायचं होतं, तो आता रविवारी साठ माणसांचा स्वयंपाक करणार होता.

रविवारी पहाटेच दार वाजलं. तात्यासाहेब उभे होते.

"पाहणी करायला आलोय. वहिनींनी केलं आणि नाव तुमचं लावलं, असं चालणार नाही," ते म्हणाले.

"या, बघा," शिवाजीराव म्हणाले. त्यांच्या कोपरापर्यंत कणीक लागली होती.

तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले, पण थोडाच वेळ बसू शकले. "अरे यार, हे असं कोण मळतं? सरका!" म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. शिवाजीरावांनी फोनवर एका बाईची चित्रफीत लावली होती. तिच्या मते बाफले आधी पाण्यात उकळून मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, आचेवर भाजायचे. तात्यासाहेबांनी आपल्या फोनवर एका आचारी महाराजांची लावली. ते म्हणत, उकळायला नको, वाफवून घ्या.

"ती बाई तुमच्या बाजूची दिसतेय."

"आणि तुमचा महाराज काय आभाळातून पडलाय?"

"निम्मं तुमचं, निम्मं आमचं," शेवटी तात्यासाहेबांनी तोडगा काढला. त्याप्रमाणे बाफले थोडे उकळले, थोडे वाफवले आणि अंगणात कंड्यांवर टाकले. धुराने दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दोघं इतके मजेत होते की सुमंगलाबाईंनी खिडकीतून पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी गुपचूप लाडू वळले, डाळीला फोडणी दिली आणि अंदाज घेऊन मोठं पातेलंभर भातही टाकला.

दुपारी सगळी मंडळी जमली. भैयासाहेब खास धारहून आले होते आणि पंगतीत लाडवांच्या जवळ बसले. पानात बाफला पडला. त्यांनी तो अंगठ्याने दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. मग ताटाच्या कडेवर हलकेच आपटला, तेव्हा ठक्क असा आवाज आला आणि सगळी पंगत वळून पाहू लागली.

"भैयासाहेब, निकाल?" कोणीतरी विचारलं.

भैयासाहेबांना घाम फुटला. कोणाला दुखवणं त्यांना जमत नसे, पण खोटं बोलणंही जमत नसे. "डाळ खरी आहे," ते म्हणाले. "तूप खरं आहे. लाडू तर अगदीच खरे आहेत. बाफले मात्र..." त्यांनी बाफला हलकेच ताटात ठेवला. "बाफले खोटे."

सुमंगलाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. पाच-पाच! हिशेब सारखा झाला होता. आता तात्यासाहेब खूश होणार आणि उद्या टेकडी.

पण तात्यासाहेब ताडकन उठले. "खोटे? खोटे कसे? निम्मे तर मी स्वतः वळलेत!"

"आम्ही दोघं पहाटेपासून खपतोय, आणि हे लाडू खाऊन निकाल देतायत!" शिवाजीरावही उठले.

"लाडवाच्या जवळ बसले तेव्हाच मी ओळखलं, शिवाजीराव."

"धारचे आहेत ते, भिया. देवासचं चांगलं त्यांना कसं बघवणार?"

"सरासर पक्षपात!"

"बिल्कुल!"

तात्यासाहेबांनी शिवाजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला. थोरली आणि धाकटी पाती एका बाजूला झालेली त्या अंगणात पहिल्यांदाच दिसत होती. भैयासाहेबांनी कोणाची बाजू न घेता आणखी एक लाडू घेतला. बाकी सगळ्यांनी डाळ-भातावर आनंदाने ताव मारला.

सोमवारी पहाटे सुमंगलाबाई चहाचा कप घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि दार वाजलं. तात्यासाहेब आत आले. हातात कणकेची पिशवी होती.

"वहिनी, जरा मोठी परात द्या. त्या धारवाल्याला दाखवूनच देतो."

"टेकडी?" सुमंगलाबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"टेकडी कुठे पळून चाललीय?" आतून शिवाजीराव म्हणाले. "तू ते आधण ठेव. आणि झाकण ठेव वर."

सुमंगलाबाईंनी परात दिली. मग त्या क्षणभर विचार करत उभ्या राहिल्या, आणि कपाटातून आपल्या चपला काढून सरळ बाहेर पडल्या. जामदारांच्या दाराशी जाऊन त्यांनी कुसुमावतींना हाक मारली. त्या पदर खोचून चिठ्ठ्या खरवडत बसल्या होत्या, तशाच उठल्या.

दोघी सावकाश टेकडी चढल्या. देवीला नमस्कार केला. वारा छान होता, खाली सगळं देवास दिसत होतं, आणि त्यात कुठेतरी दोन म्हातारे कणकेवरून भांडत होते. किती वर्षांत आपण अशी सकाळ पाहिली नाही, या विचाराने सुमंगलाबाईंना भरून आलं आणि मग हसूही आलं. उतरताना दोघींनी कचोरी घेतली.

"वहिनी, एक विचारू?" कुसुमावती म्हणाल्या. "ती बाफल्यांची बातमी भाऊजींनीच टाकली होती, हे खरं का हो?"

"ते भैयासाहेबांना विचारा," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आणि हे बघा, घरी कोणी विचारलं, तर आपण काही खाल्लेलं नाही."