पेशकारकाकांनी मांडलेलं माहेर

पेशकारकाकांच्या घरी पाणी प्यायचं तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागे.

यात माझ्या पदरचं काही नाही. धाराशिवच्या कचेरीतलं जुनं लाकूडसामान हर्रासात, म्हणजे लिलावात, निघालं, तेव्हा शहाण्या माणसांनी बाकं नेली, मेजं नेली. पेशकारकाकांनी अदालतीतला पिंजरा आणला. तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केला आणि आत माठ ठेवला. तहान लागली की छोटं दार ढकलायचं, आत जायचं, कठड्यावर हात टेकायचा आणि मग पाणी. आमचे हे शाळेत मास्तर. एकदा ते आत उभे राहून पाणी पीत होते आणि काकांनी सहज विचारलं, "मास्तर, परवा दिलेलं लोणचं कसं हाय?" यांनी तांब्या खाली ठेवला. लोणचं घरी पोचलंच नाही, मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरांनी मिळून बरणी चाटूनपुसून रिकामी केली, हे सगळं भडाभडा सांगून मोकळे झाले. मी तिथंच बसले होते. घरी एवढं खरं ते कधी बोलत नसत.

काका निजाम सरकारच्या नोकरीतून नुकतेच सुटले होते. जन्म येरमाळ्याकडच्या शेतकरी घरातला, पण जन्मभर तहसिलीत पेशकारी, म्हणजे साहेबापुढं कागद मांडायचं काम, केल्यामुळं बोलणं निम्मं दप्तरी उर्दू झालेलं. अंगात विटकी शेरवानी, खाली धोतर. इतरांच्या खिशात सुपारी असते, यांच्या खिशात खिळे असत. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. सकाळी तिच्यावर ठोकाठोक सुरू झाली की मी समजायचे, आज कुठल्या तरी वस्तूचं नशीब पालटतंय.

बदलीच्या नोकरीतून आलेलं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मास्तरीणबाई, वस्तू मरत न्हाई. तिचा तबादला होतो."

गावात काही मोडलं की काका तिथं हजर. रहीमचाचांचा टांगा एकदा वेशीजवळ आडवा झाला. लोक घोडं बघायला धावले, कुणी रहीमचाचांचा पाय बघितला. काकांनी बैठक बघितली. पुढं ती बैठक त्यांच्या खोलीत आली. टांग्यात माणसं पाठीला पाठ लावून बसतात, काकांनीही ती तशीच मांडली. पाहुण्याला ते दाराकडची बाजू देत आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून गप्पा मारत. पाहुण्यानं नुसती मान हलवली तर त्यांना कळायची नाही, म्हणून त्या घरात सगळे जण "व्हय, व्हय" करून मोठ्यानं ओरडत. करीम मिस्त्रीनं एकदा सुचवून बघितलं, "पेशकारसाब, दो टुकडे करतूं, आमने-सामने बैठो." काका म्हणाले, "असंच बसून लोक तुळजापूरला जाऊन येतात की. मग घरात बसायला काय झालं?"

कुणा बड्या अंमलदाराच्या दौऱ्यातला फाटका शामियाना त्यांनी आढ्याला ताणून बांधला होता. फोनोग्राफचा मोडका कर्णा कंदिलावर पालथा घातला होता. आरसा तर असा होता, की त्यात नाकाच्या वरचं माणूस दिसे आणि खालचं नुसतं काळं. मी नवी नवी संसाराला आलेली. दुपारी कंटाळा आला की त्या खोलीत डोकावायचे आणि घरी येऊन पदर तोंडाला लावून हसायचे. एकट्या म्हाताऱ्याला एवढं मांडामांडीचं वेड कशासाठी, हे मात्र कळत नव्हतं.

एके दिवशी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. बराच वेळ खिशातले खिळे चाळवत राहिले.

"मास्तरीणबाई, तुम्ही तेरच्या न्हवं?"

"हो."

"तुमच्या माहेरात काय काय हाय?"

मला वाटलं जमीनजुमला विचारतायत. मी विहीर, बैल सांगायला लागले. त्यांनी हात हलवला. "तसं न्हाई. काय असलं म्हंजे माहेर वाटतं, ते सांगा. मला त्यातलं ठावं न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांची एकुलती एक मुलगी यमू. ती भिंतीला धरून चालायला लागली तेव्हाच आई गेली. काकांचा आज परंड्याला तबादला, दोन वर्षांनी कळंबला, तिथं बस्तान बसतंय तोवर तुळजापूरला. तान्ही पोर घेऊन हा माणूस कुठं कुठं फिरणार? तिला बार्शीला मामाकडं ठेवलं. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, आम्ही मोगलाईतले. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. काका सणावारी जात, पाहुण्यासारखे ओसरीवर बसत आणि परत येत. यमूचं लग्नही मामाच्याच मांडवातून झालं, बार्शीतल्याच एका घरी.

आता यमूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आणि माहेर म्हणजे मामाचं घर, हे सगळ्यांनी न विचारता धरून टाकलं होतं.

"म्या मेहुण्याला म्हटलं, औंदा पोर माझ्या घरी येऊ द्या," काका म्हणाले. "त्यो म्हटला, पोरीची खुशी. पण दाजी, तुमच्याकडं घर तरी हाय का? खोटं न्हाई बोलला. जन्मभर सरकारी खोल्या. म्हून आता करायलाव. ती यावी, बस. दुसरं काई मागणं न्हाई."

मी पदर खोचून बसले आणि सांगायला लागले. तेर धाराशिवपासून लांब नाही, पण सासरहून माहेर कधी जवळ असतं का? दिवाळीपासून मी आईला बघितलं नव्हतं. कोनाड्यात कवड्यांची थैली असायची, हे सांगितलं. तुळईला टांगलेल्या शिंक्यात दही असायचं आणि मांजर खाली बसून वर बघायचं, तेही सांगितलं. दुपारी आई मला उंबऱ्यावर बसवून केस विंचरायची, गुंता निघाला नाही की पाठीत धपाटा घालायची. सांगता सांगता माझा हात आपोआप पाठीवर गेला. काका मात्र कचेरीत जबानी ऐकावी तसे कान देऊन ऐकत होते.

आठ-पंधरा दिवसांत कोनाड्यात कवड्या आल्या. आढ्याला शिंकं आलं, मांजर आपणहून आलं. आणि एका सकाळी छकड्यातून एक अखंड सागवानी उंबरा उतरला. कुणाचं तरी पडलेलं घर उकलत होते, तिथून काकांनी तो मागून आणला होता. दाराला उंबरा आधीच होता. म्हणून हा त्यांनी खोलीच्या ऐन मधोमध जमिनीवर बसवून टाकला. इकडंही खोलीच, तिकडंही खोलीच. येणारा प्रत्येक माणूस त्याला अडखळे आणि काका अभिमानानं सांगत, "बसा की. बसायचा हाय त्यो."

मी म्हटलं, "काका, उंबरा दारात असतो म्हणून त्याला शोभा."

"तुमीच म्हटला न्हवं, उंबऱ्यावर बसलं की माहेर वाटतं?"

माझंच माहेर तुकड्यातुकड्यानं शेजारी उभं राहत होतं. पुढं पुढं मला त्याचं हसू येईना. हे शाळेत गेले की मी हळूच जाऊन त्या बिनदाराच्या उंबऱ्यावर बसून यायचे.

शेवटचा आला पाळणा. यमू लहानपणी त्यातच निजायची आणि तो बार्शीला मामाच्या माळ्यावर पडून होता. काका जातीनं जाऊन घेऊन आले. येताना नाक्यावर शिपायानं छकडा अडवला. आत नुसत्या दांड्या, कड्या आणि रंग उडालेले चार पाय. कुठल्या मालावर महसूल लावायचा ते त्याला उमगेना.

"ये क्या है, बड़े मियां?"

"अबी कुछ नै है," काका म्हणाले. "घर कू जाके होयेंगा."

शिपाई विचार करत राहिला आणि छकडा पुढं निघून आला.

मी मात्र रागावले. मूल जन्माला यायच्या आधी पाळणा घरात आणू नये, हे कुणाही बाईला कळतं. काका म्हणाले, "नवा कुठं आणलाय? जुन्याचाच तबादला हाय." बरं, रिकामा पाळणा हलता कामा नये आणि वारा तर रोजचाच. मग बारशाला वरवंटा निजवतात ना, तसा काकांनी घरातला वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवला. चटणी वाटायची झाली की त्याला उठवायचा, पाट्यावर घासायचा, धुऊन पुसून परत निजवायचा. मी एकदा शेंगदाणे कुटायला म्हणून मागायला गेले, तर काका हळू आवाजात म्हणाले, "जरा दमानं उचला." मग आपलं आपल्यालाच हसले.

आणि यमू आली.

नाकीडोळी नीटस, गोरीपान, आठवा महिना लागलेला. मामा पोचवायला आले होते. ते पिंजऱ्यात पाणी पिऊन, उंबऱ्याला अडखळून, दाराकडं तोंड करून घटकाभर बसले आणि परत गेले. काका यमूला एक एक वस्तू दाखवत होते. यमू म्हणत होती, "छान आहे, अण्णा." शिंकं बघून छान आहे. कवड्या बघून छान आहे.

दुसऱ्या दिवशीही छान आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरगी मोठी गुणी. सांगितलं तिथं बसायची, वाढलं तेवढं जेवायची, पदर नीट सावरून असायची. पिंजऱ्याच्या दाराशी उभी राहून विचारायची, "अण्णा, पाणी घेऊ का?" काका लगबगीनं उठत, "अगं घे की, विचारती काय?" ती पाणी प्यायची आणि तांब्या होता तसाच पालथा घालून ठेवायची. पुन्हा तहान लागली की पुन्हा विचारायची.

काकांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. ठोकाठोक बंद पडली. एकदा भिंतीला टेकून मला म्हणाले, "तिला करमत न्हाई वाटतं. काई कमी पडलं का हो? तुमच्या आईकडचं आणखी काई ऱ्हायलंय का सांगायचं?"

मला फार वाईट वाटलं. दुपारी मी यमूच्या केसांना तेल लावायला बसले आणि विचारलं, "तू पाण्यालासुद्धा का गं विचारतेस? बापाचं घर आहे."

"मामाकडंही विचारूनच घ्यायची, ताई. कुणी रागावत नव्हतं. पण घर त्यांचं ना. सासरी तर विचारावंच लागतं. न विचारता कसं घ्यायचं ते मला येतच नाही."

हे मी काकांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय केलं असतं? हर्रासात मिळणारी वस्तू नव्हती ती.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, मी भाकरी थापत असताना, भिंतीपलीकडं धप्पदिशी काहीतरी आदळलं. पाठोपाठ तांब्या गडगडला. हात तसाच पिठाचा, मी उठले, तोवर यमूचा आवाज आला. तो आवाज मी त्या घरात कधी ऐकलाच नव्हता.

"अण्णा, हे लाकूड इथं मधोमध कशासाठी ठेवलंय? आता पडले असते मी. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. एवढं कसं कळत नाही तुम्हाला?"

काकांचं काहीतरी पुटपुटणं.

"बसायला? उंबरा कशाला, जमीन काय वाईट आहे? आणि हा टांगा काढा आधी. माणसाशी बोलायचं की भिंतीशी? वरचं ते फडकं आज धुवायला निघालंच पाहिजे, धूळ पडते भाजीत. पाळण्यात दगड निजवलाय, कुणी ऐकलं तर काय म्हणेल? नाही, मी नाही ऐकायची. करीमचाचांना बोलवा, आत्ताच्या आत्ता."

काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग काका आमच्या दारात उभे. एका हातात फोनोचा कर्णा, दुसऱ्या हातात शामियान्याचं टोक, डोक्यावर कोळिष्टक. डोळे भरलेले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "यमू भांडायलीय."

मी हात झटकले. "थांबा, मी समजावते तिला. या दिवसांत एवढा संताप बरा नाही."

काकांनी कर्ण्यासकट हात आडवा केला.

"नका जाऊ. भांडू द्या." आणि आमच्या पायरीवर बसून ते ऐकत राहिले. "माझ्याशी भांडायलीय ती. म्या सारं आणलं, पर हे कुठं मिळतं ते मला ठावंच न्हवतं."

आतून पुन्हा आवाज आला, "अण्णा, बाहेर काय बसलात? मी एकटीनं ओढायचं का हे? या इकडं, हे धरा."

काका उठले. गडबडीत कर्णा माझ्याच हातात दिला आणि अनवाणीच पळाले. चपला आमच्या पायरीवर राहिल्या. भिंतीपलीकडं यमू सांगत होती, हे इकडं, ते तिकडं, तसं नाही, असं. मधेच पिंजऱ्याचं दार करकरलं आणि तांब्या माठात बुडल्याचा आवाज आला. या खेपेला तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपून गेली. मी तो कर्णा मांडीवर घेऊन बसून राहिले आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं, तेरला जावं आणि आईशी एकदा कडाकडा भांडून यावं.