खोडके सरांचा गोंगाट

हमीदा जायच्या आधी आम्ही नवराबायकोनं सोबत केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीत बसून व्हिडिओ काढून घेणं. त्या व्हिडिओत तोंड उघडायची बंदी होती. माझं ठीक आहे, मी कमी बोलतो. पण हमीदाला गप्प बसायला सांगणं म्हणजे कोंबड्याला पहाटे आरवू नको म्हणण्यासारखं. बंदी घालणारे होते आमच्या दिग्रसच्या कॉलेजचे ग्रंथपाल, खोडके सर.

हा माणूस व्हिडिओतही कुजबुजतो. खोटं सांगत नाही. मोबाईल कानाला चिकटवला तर ऐकू येतं, पण मग चित्र दिसत नाही. चित्र पाहा नाहीतर आवाज ऐका, दोन्ही एकदम सरांच्या राज्यात मिळत नाही.

लायब्ररीत पोरं येईनात म्हणून सरांनी व्हिडिओ सुरू केले. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, जुने अंक घरबसल्या कसे धुंडायचे, मास्तरानं सांगितलेला धडा कुठं सापडेल, सगळ्याचे व्हिडिओ. महागावाकडच्या पोरींची एसटी चुकली की त्या बांधावर बसून पाहायच्या. काम सोन्यासारखं. फक्त ऐकू येत नव्हतं.

एकदा प्रिन्सिपॉल म्हणाले, "खोडके, थोडं मोठ्यानं बोला की."

सरांनी कपाटांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला सर. पुस्तकं ऐकून राह्यली."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छपरावर माकडं नाचली तरी खिडकीतून मान काढून माकडांनाही हेच सांगायचे.

दुसरी खोड आणखी भारी. सर व्हिडिओसुद्धा पुस्तकासारखा द्यायचे. एका वेळी एकालाच. त्यानं पाहून झालं असं सांगितल्याशिवाय दुसऱ्याला उघडून द्यायचे नाहीत. पुसदहून एक पोरगी आली, आमच्या पिंजाऱ्यांच्या धंद्यावर संशोधन करणारी. तिनं आमचा व्हिडिओ मागितला तर सर म्हणाले, "तो बाहेर गेला हाये. सोमवारी परत येईन."

"सर, व्हिडिओ जातो कुठं?"

"गृहविज्ञानच्या मॅडमकडे."

"अहो, पण तो आम्ही दोघीही पाहू शकतो ना एकदम!"

"मंग मॅडमले पानं उलटाले त्रास होईन," सर म्हणाले. पोरगी डोक्याला हात लावून एसटी स्टँडवर गेली. सोमवारी पुन्हा आली, आणि तिला खरंच मिळाला.

ते बोंडअळीचं साल होतं. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बाजारात पांढरा कापूस कमी आणि पिवळी, किडकी कवडीच जास्त. पोरांना ओळख व्हावी म्हणून सरांनी बोंड फोडायचा व्हिडिओ केला. शेतीचे मास्तर बोंड फोडतात, अळी बाहेर येते, आणि सगळा वर्ग "अबे बाप्पा!" करून किंचाळतो. सरांनी किंचाळणं काढून टाकलं. राहिली नुसती अळी. गपचूप येते, गपचूप जाते. पाहून वाटायचं, अळी सरांच्याच शिस्तीतली आहे.

मधला सगळा गोंगाट कापायचा आणि त्या जागी आपली कुजबुज टाकायची, ही सरांची पद्धत.

तर आमचा व्हिडिओ. आता दिग्रसात सगळे मशीनवर कापूस पिंजतात. हातानं धनुष्यासारखं पिंजण चालवणारा मी एकटा उरलो. गृहविज्ञानच्या मॅडमला वर्गात दाखवायचं होतं म्हणून सरांनी आम्हाला बोलावलं. लायब्ररीच्या मागच्या ओसरीवर मी पिंजण घेऊन बसलो. हमीदा सरांजवळ रजईचे टाके घालायला बसली.

"चाची, हळू," सर आधीच म्हणाले.

"काहून? हा येवढा ढणढण वाजवून राह्यला त्याले कोणी काही म्हनत नाई. माह्या तोंडानंच काय घोडं मारलं?"

"पुस्तकं ऐकून राह्यली, चाची."

"ऐकू द्या की! बिचारी उभीच हायेत दिवसभर. त्याईलेबी करमत नसन."

मी पिंजायला लागलो. पिंजण वाजायला लागलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही. हमीदाचं तोंड चाललेलं दिसत होतं, सर मान हलवताना दिसत होते. काम झालं, चहा प्यायलो, घरी आलो. वाटेत तिनं वांगी घेतली.

पुढं तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. ताप उतरत नाही म्हणून मी डॉक्टरला शिव्या देत बसलो, तेवढ्यात गेली.

चाळिसावा झाला. घरात तिचे फोटो होते दोन. फोटोत ती गप्प. ती हमीदा वाटतच नव्हती, कुणी शहाणी बाई वाटायची. माझा मोबाईल साधा, बटणांचा. मला तिचा आवाज पाहिजे होता, दुसरं काही नको. मग आठवलं, आणि सरळ लायब्ररी गाठली.

सरांनी काही न विचारता कॉम्प्युटर लावला. ओसरी दिसली. मी दिसलो, म्हातारा, कॅमेऱ्याकडे येड्यासारखा पाहणारा. मग हमीदा. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते. आणि वरून सरांची कुजबुज, "हे पिंजण आहे. यानं कापूस मोकळा होतो."

"आवाज वाढवा."

"वाढवलाच हाये, चाचा."

"तिचा कुठं हाये?"

"काढला."

मी उठलोच. "काढला म्हंजे? फेकला कुठं? कोन्या कचऱ्यात फेकला ते सांगा, मी हातानं उकरतो!" वाचणारी पोरं माना वर करून पाहायला लागली. त्या दिवशी सर मला हळू म्हणाले नाहीत. 

"संध्याकाळी घरी या," एवढंच म्हणाले.

स्टँडच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. लग्न केलं नाही, आई होती ती कधीचीच वारली. आत गेलो तर एक ताट, एक तांब्या, एक खुर्ची. खुर्ची मला दिली. स्वतः खाटेवर बसले. खाटेवरची गादी पापडासारखी.

सर म्हणाले, "मी फेकत नाई, चाचा. ग्रंथपाल काहीच फेकत नसते. कापलेलं सगळं मी वेगळं ठेवतो. जेवताना लावतो."

"जेवताना? कायले?"

ते खाली पाहत म्हणाले, "दिवसभर मी लोकाईले गप्प करतो. संध्याकाळी घरी आलो का इथं आधीच गप्प."

त्यांनी मोबाईल लावला. आधी पोरींचं खिदळणं आलं. मग प्रिन्सिपॉलची शिंक. मग बोंडअळीची ती किंचाळी, "अबे बाप्पा!" मी हसलो. त्या साली मला हसू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं. सरही हसले, मोठ्यानं. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं गडगडाटी आहे.

मग पिंजणाचा ढणढणाट, आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, ती.

"अजी, कॅमेरे को मत देखो, रुई को देखो! ... सर, हा मानूस असाच. लग्नातबी काझीले सोडून बिर्याणीकडे पाहे. ... तुमची बाई काय करते? नाई केली? हाय अल्ला. मंग गादी कोन पाहते तुमची? कधी पिंजली?"

सरांची कुजबुज, "आई होती तवा."

"तवाची? अहो, गोटे झाले असतीन त्याचे! झोपता का मार खाता? अजी! अजी, सुनते हो? सर की गादी ले के आओ, अपन पिंज के देंगे। ... ऐकू नाई आलं त्याले. मी सांगतो घरी."

घरी सांगायचं ती विसरली. वांग्यांच्या भावात विसरली असणार.

मग मी म्हणालो, "पुन्हा लावा." सरांनी पुन्हा लावलं.

ती गेल्यापासून मी पिंजणाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुंटीवरून काढलं, तांत ताणून पाहिली, खांद्यावर टाकलं आणि सरांच्या अंगणात जाऊन त्यांची गादी उसवली.