गुरुदास काम पुरे करतो

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता गुरुदासने घरी केलेल्या गणपतीची सोंड तिसऱ्यांदा गळून पडली, आणि त्याच्या बायकोचा, सावित्रीचा, जीव भांड्यात पडला. आता तरी हा माणूस हात टेकेल, अशी तिला आशा होती.

आशेला आधार होता. त्यांच्या कट्टा गावातल्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हते, आवाराचा दगडी गडगा गुडघ्यापर्यंत येऊन थांबला होता, न्हाणीघराला अर्ध्याच फरशा होत्या. म्हणून नागपंचमीला गुरुदासने मूर्ती आपणच करणार असे जाहीर केले, तेव्हा सावित्री म्हणाली होती, "आयुष्यात एक तरी काम पुरां करून दाखवा, मगे बोला." आणि दुसऱ्याच दिवशी ती मूर्तीसाठी नवा पाट घेऊन मूर्तिकार भाईंच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात, गुपचूप मूर्ती सांगून आली होती.

पण टोमणा लागला. पोटाला भेगा गेल्या, गुरुदासने त्या लिंपल्या. उंदीर मांजराएवढा झाला, तो मोडून पुन्हा केला.

त्या सकाळी सावित्रीने गोडीने सुचवून पाहिले. "ऱ्हवांदे आता. शाळेत एखादो गणपती गावतलो. कोण हसाचो नाय."

"तू हसतलंस," गुरुदास म्हणाला. "मी आता सोडूचंय नाय."

त्याने शाडूत कापूस मळला, आत माडाच्या हिराची काडी घातली आणि पुढ्यात पंखा लावला. चौथी सोंड टिकली.

सावित्रीने मागीलदारी जाऊन भाईंना फोन केला. मूर्ती यंदा तुमच्याकडेच राहू दे, म्हणाली. घराच्या नावाने केलेला गणपती चतुर्थीला शाळेत राहत नाही, असे भाईंनी शांतपणे सांगितले. मग दुसऱ्या कोणाला द्या, असे तिने सुचवले.

"वयनी, गणपती म्हंजे काय फणस, शेजाऱ्याक देऊक?"

संध्याकाळी पाच वाजता टेम्पो दारात थांबला. तोंडावर रुमाल टाकलेला गणपती घेऊन भाई पायरीशी उभे राहिले. रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी घालायला सावित्री तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत चौरंग एकच होता.

"कोण इला गो?" गुरुदासने मान वर न करताच विचारले. त्याच्या हातात बारीक कुंचला होता.

भाईंनी आवाज खाली आणला. "वयनी, खंय ठेवू?"

सव्वापाचपर्यंत भाई पायरीवरच होते, तांब्या भरलेलाच होता, आणि आत मूर्तीचा दुसरा डोळा पहिल्याशी अगदी जुळत आला होता.