धूर पंधरा मिनिटे उशिराने

आमच्या शेजारचे सोनवणे आबा रोज सकाळी सात वाजता गच्चीवर येत, घसा साफ करत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "कृपया लक्ष द्या. तळेगावकडून येणारा धूर आज पंधरा मिनिटे उशिराने धावत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे."

आबांचा सारा जन्म लोणावळा स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला. निवृत्त झाले, मग बायको गेली, मुलगी लग्न होऊन सुदुंबऱ्याला गेली. घोषणा तेवढ्या राहिल्या. हाताशी गाड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी हवा धरली.

तयारी मात्र पक्की असे. आधी मोबाइलवर हवेचे आकडे बघायचे, मग उदबत्ती पेटवून कठड्यावर धरायची आणि धूर कुठं जातो ते न्याहाळायचं. दोघांचं जमलं नाही, तर आबा उदबत्तीच्या बाजूचे. "मोबाइल तिकडं पुण्यात बसून बोलतो, उदबत्ती हितं हुबी हाय," म्हणायचे. घोषणेपुरती भाषा छापील. ती संपली की आबा पुन्हा आपल्या गावचे, औंढ्याचे.

ओझोनवर त्यांचा विशेष राग. धूर निदान दिसतो, हा दिसतही नाही. घाटातल्या गाड्यांचा धूर उन्हात शिजतो आणि दुपारी त्याचा ओझोन होतो, हे त्यांनी मला किती वेळा समजावलं असेल. वर आभाळात असला तर आपल्यावर छत्री धरतो, खाली उतरला की छातीला तिखट लागतो. "आभाळ निळंशार दिसलं की लय जपायचं," ते सांगत. निळ्या आभाळाला भिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी घरातल्या पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. एकदा एक कुटुंब व्हरांड्यात पोहे खात, आज कुठला पॉइंट बघावा ते ठरवत होतं. तेवढ्यात वरून आवाज आला, "दुपारी बारा ते चार ओझोन येण्याची शक्यता आहे. लहान मुलांना घेऊन बाहेर पडू नये." त्यांच्याबरोबर तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ओझोन मीच सोडलाय. दुपारच्या आत त्यांनी सामान बांधलं.

मी तडक आबांच्या दारात गेले. म्हटलं, "आबा, लोक माझ्याकडे हवा खायला येतात. पाहुणे असताना तुम्ही तोंड बंद ठेवा."

ते "बरं" म्हणाले. पाहुणे माझ्याकडे जवळजवळ रोजच असत. गच्ची गप्प झाली. दोन दिवस रुसतील, असं मला वाटलं होतं. महिना झाला, आणि मला ते सोयीचंच वाटत राहिलं.

मार्चमध्ये समोरच्या डोंगरावरचं वाळलं गवत कुणीतरी पेटवलं. मी तळेगावला गेले होते. माझ्या सासूबाईंना दमा आहे. त्या नेहमीसारख्या मागच्या अंगणात खुर्चीत पेंगत होत्या. वारा फिरला आणि धूर खाली उतरला. आबांनी तो गच्चीवरून पाहिला. एक हाक पुरली असती. पण व्हरांड्यात पाहुणे बसलेले. आबा जिना उतरले, गल्लीला वळसा घालून आमच्या मागच्या फाटकातून आत आले, सासूबाईंना धरून घरात नेलं, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल कोंबला. मी पोचले तेव्हा त्या आबांचा हात घट्ट धरून श्वास ओढत होत्या.

दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. तिथं त्या मला म्हणाल्या, "डोळे जरा चुरचुरत होते गं. पण सोनवणे काही बोलले नाहीत, म्हटलं हवा चांगलीच असेल." आबांना गप्प कुणी केलंय, हे मी सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. तेव्हाही सांगवलं नाही.

घरी आल्यावर आबांकडे गेले. विचारलं, "हाक का नाही मारलीत?"

"पाव्हणं व्हते ना, ताई," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. दिला शब्द पाळला, एवढंच.

मी माफी मागितली, पुन्हा पहिल्यासारखं बोला म्हणून विनवलं. ते उदबत्तीच्या पुड्याची उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "हवेचं काय, मोबाइलवर समद्यांनाच दिसतंय. मी वरडलो की गल्लीतलं कुनीतरी मान वर करून 'बास करा आबा' म्हनायचं. दिसभरात माझ्यासंगं तेवढंच बोलनं व्हायचं."

आता ते पुन्हा सात वाजता गच्चीवर येतात. आधी वाकून माझ्या अंगणात पाहुण्यांची गाडी उभी आहे का ते बघतात. नसली तरी, भिंतीला लागून उभ्या असलेल्या मलाच ऐकू येईल इतक्या हळू सांगतात, "आज बरी हाय हवा."

"मोठ्यानं बोला, आबा," मी खालून म्हणते.

ते मान डोलावतात आणि आत जातात.