शून्य येईपर्यंत

दाजी स्कूटरवर पायाशी ट्रकची बॅटरी ठेवून मिठबावहून बंदरावर आले, तेव्हाच मला पहिला धक्का बसला.

"लाईट गेली तर पोरां मरतली," ते म्हणाले.

दाजींना मूलबाळ नाही. ही पोरं कॉम्प्युटरमधली. मी मच्छीमार सोसायटीत कारकून, आणि निवृत्त दाजींनी आमचा होड्यांच्या नोंदीचा प्रोग्राम हौसेने लिहिलेला. होडी समुद्रात गेली की मुख्य प्रोग्राम तिच्या नावाचा एक छोटा प्रोग्राम सुरू करतो. शिकलेले लोक त्याला चाइल्ड प्रोसेस म्हणतात, दाजी 'पोर'. होडी परतल्याची नोंद केली की पोर संपतं आणि जाताना मुख्य प्रोग्रामला एक आकडा देतं. शून्य म्हणजे सगळं ठीक.

"शून्य! बरो इलो!" दाजी खिडकीतून ओरडायचे.

"दाजीनू, जेवक तरी जावा," धक्क्यावर मासे विकणारी शेवंता म्हणायची.

"पोरांक धाडलंय मिया. मगे वाट कोण बघतलो, तुझो घोव?"

एका सकाळी मला डिझेलचे दाखले छापायचे होते आणि कॉम्प्युटर हलेना. यादीत एक पोर चार वर्षं चालू दिसलं. चुकून राहिलं असेल म्हणून मी ते बंद केलं. दाजी समोरच चहा पीत होते. मी विचारलंसुद्धा नाही.

स्क्रीनवर नऊ आला. दाजींच्या हातातली बशी खाली पडली.

"नऊ? म्हणजे आपसून संपला नाय. भायरसून कोणी मारला!"

ते धावत धक्क्यावर गेले आणि फोन लावला. मागोमाग गेलेल्या मला एवढंच ऐकू आलं, "आबा... बरो आसस मा?... नाय रे. काय नाय. सहज."

"धाकटो भाव तेंचो," शेवंता हळूच म्हणाली. "भांडान होडी घेवन कारवाराक गेलो. चार वर्षां दोघांचा बोलणा नाय."

दाजी परत आल्यावर मी म्हणालो, "दाजीनू, मियाच बंद केलंय ता."

"ठावक आसा, मेल्या. दुसरो कोण होतो हय?"

मी शिव्यांची वाट बघत उभा. दाजी खुर्चीत बसले आणि आबाच्या होडीच्या नावाचं पोर त्यांनी पुन्हा सुरू केलं.

"आबा येतलो म्हणालो काय?" मी विचारलं.

"मिया इचारूक नाय," दाजी म्हणाले.

त्या दिवसापासून बॅटरीत पाणी मी घालतो.