बाळासाहेबांना काय झालं?

माणसाचं शरीर त्याच्या एकट्याच्या मालकीचं असतं. दुखणं मात्र सगळ्यांचं असतं. हे तत्त्व मराठी माणसाबरोबर विमानात बसून कुवेतलाही येतं. त्याला वेगळा व्हिसा लागत नाही.

झहूर मुकादम कुवेतच्या अम्गरा या भंगार-लोखंडाच्या वसाहतीतल्या एका खाजगी रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ आहे. मूळचा दापोलीकडचा, राहतो फहाहीलला. गेल्या फेब्रुवारीत त्याने 'कायदा, नीती आणि व्यावसायिक वर्तन' हे तीन तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. (हजर चोवीस, प्रमाणपत्रं सव्वीस.) रुग्णाला विचारल्याशिवाय हात लावू नये, हाती घेतलेला रुग्ण मध्येच सोडू नये आणि रुग्णाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नये, असा एकूण सारांश. बाकीच्यांनी तो लिहून घेतला. झहूरने मनावर घेतला. पुढचा घोटाळा त्यातून झाला.

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी सव्वादहाला, लोखंडाच्या यार्डातले क्रेनचालक बाळासाहेब थोरात क्रेनवरून खाली उतरले, चार पावलं चालले आणि आडवे झाले. झहूर सात मिनिटांत पोहोचला. बेशुद्ध माणसाची संमती गृहीत धरता येते, म्हणून त्याने नाडी धरली. तेवढ्यात बाळासाहेबांनी डोळे उघडले. शुद्धीवरच्या माणसाला विचारावं लागतं.

"हात लावू का?" झहूरने विचारलं.

"लावलाय की."

"तो बेशुद्धीच्या संमतीने. आता नवी पाहिजे."

बाळासाहेबांनी दुसराही हात पुढे केला. "लावा," ते म्हणाले.

रुग्णवाहिकेचं दार बंद झालं तेव्हा बाहेर साठ माणसं उभी होती. आत बाळासाहेबांनी काय होतंय आणि कधीपासून होतंय ते हळू आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाले, "झहूरभाई, हे कुणाला कळू देऊ नका. घरी पण नाही. क्रेन जाईल माझी." (चालक चंद्रहास पुढेच बसला होता. सायरनमुळे आपल्याला काही ऐकू आलं नाही, अशी त्याची कायदेशीर भूमिका आहे.)

मंगळवार संध्याकाळपर्यंत झहूरकडे एक्केचाळीस जणांनी चौकशी केली. यार्डातले सहकारी सतरा; बाळासाहेबांच्या कराड तालुक्यातले नऊ; तालुका वेगळा पण जिल्हा एकच, असे सहा; इथल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी सात; एक बकालावाला, म्हणजे किराणा दुकानदार (बाळासाहेब त्याच्याकडून दही नेत, म्हणून नैतिक अधिकार); आणि एक गृहस्थ, ज्यांना बाळासाहेब कोण हे ठाऊक नव्हतं, पण आजारांची आवड होती. "मी काही कोणाला सांगणार नाही," हे वाक्य एक्केचाळिसांनीही म्हटलं. झहूरने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "सांगता येत नाही."

यार्डाच्या मुदीरने, म्हणजे व्यवस्थापकाने, थेट विचारलं की हा माणूस पुन्हा क्रेनवर चढणार की नाही. झहूर म्हणाला, ते डॉक्टरांचं सर्टिफिकेट सांगेल. मुदीरने 'सहकार्याचा अभाव' अशी लेखी तक्रार केली.

घरी बायकोने, फखरुन्निसाने, भात वाढता वाढता विचारलं, "मी काय परकी हाय?"

"परकी नाहीस. पण रुग्ण पण नाहीस."

"म्हणजे मोठा हाय आजार. लहान असता तर तू बोलला असतास."

हा तर्क एकट्या फखरुन्निसाचा नव्हता. न बोलण्यामुळे आजार वाढत गेला. सोमवारी पित्त होतं. मंगळवारी हृदय झालं. बुधवारी दोन्ही मूत्रपिंडं गेली. गुरुवारी दुपारी मंडळाच्या ग्रुपवर बाळासाहेबांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहण्यात आली. फोटो सहलीतला होता, हातात मक्याचं कणीस. खाली अठ्ठावन्न जणांनी हात जोडले. एकाने घाईत केकही टाकला.

हे सगळं बाळासाहेबांना माहीत नव्हतं. त्यांचा मोबाइल रविवारपासून क्रेनच्या केबिनमध्ये होता. नर्सच्या फोनवरून त्यांनी घरी एवढंच कळवलं होतं की फोन बिघडलाय, आठ दिवसांनी बोलतो.

साडेचारला झहूरचा फोन वाजला.

"झहूरभाऊ, मी कराडहून प्रभा थोरात. ग्रुपवरचं एकानं मला पाठवलंय, तुमच्या नंबरसकट. खरं आहे का?"

ती रडत नव्हती. आवाज अगदी सरळ होता. पत्नीला सांगावं की नाही, हा मुद्दा प्रशिक्षणात सर्वांत शेवटी होता. तेव्हा जेवण आलं होतं. आणि बाळासाहेब तर स्पष्ट म्हणाले होते, घरी पण नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "मी आत्ता हॉस्पिटलला निघतो. त्यांच्याच हातात फोन देतो. तासभर लागेल."



"बरं," ती म्हणाली. "गाडी सावकाश चालवा."

अर्ध्या वाटेवर, सिग्नलला, झहूरच्या लक्षात आलं की 'त्यांच्याच हातात' या शब्दांतून रुग्ण जिवंत असल्याची माहिती बाहेर गेली आहे.

बाळासाहेब खाटेवर बसून सफरचंद खात होते. झहूरने ग्रुपवरची बातमी सांगितली. त्यांनी सफरचंद खाली ठेवलं.

"तिनं वाचलं?"

"हो. लावून देऊ का फोन?"

बाळासाहेबांनी होकारार्थी मान हलवली. झहूरने नंबर लावला, फोन त्यांच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. "मी बोलतोय," एवढं त्याला ऐकू आलं. मग कोणीतरी रडलं. फोनच्या कोणत्या बाजूला, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी झहूरने स्वतःहून अहवाल लिहिला: 'रुग्ण हयात असल्याचे मी रुग्णाच्या संमतीविना त्याच्या पत्नीस सूचित केले.' कंपनीने तातडीने चौकशी केली. (प्रकरणात लेखी पुरावा हा एकच होता.) गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल झहूरला मेमो मिळाला आणि तीन तासांचं प्रशिक्षण पुन्हा करण्याचा आदेश झाला. ते त्याने केलं. या वेळी जेवण येईपर्यंत न थांबता त्याने सुरुवातीलाच पत्नीबद्दल विचारलं. पुढच्या सत्रात बघू, असं उत्तर मिळालं.

बाळासाहेब बारा दिवसांनी परत आले. सर्टिफिकेटवर 'कामास योग्य' एवढंच होतं, आणि त्यावर क्रेन मिळाली. श्रद्धांजली लिहिणारे सचिव त्यांना भेटून गेले. आमची माहिती त्या वेळेपुरती बरोबर होती, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरी फखरुन्निसाने बाळासाहेबांसाठी सांदणांचा डबा भरून झहूरच्या हातात दिला आणि विचारलं, "गोड चालतं ना त्याना?" झहूर म्हणाला, "सांगता येत नाही." तिने डबा काढून घेतला नाही.

हकिकत इथे संपते. बाळासाहेब बरे आहेत, प्रभावहिनींना काय ते कळलं आहे, झहूर कामावर आहे. एवढं सगळं सांगूनही तुम्ही पान उलटून मागे काही राहिलंय का ते बघताय. हरकत नाही, हेतू चांगलाच असणार, आणि तुम्ही काही कोणाला सांगणार नाही. फक्त एवढं सांगा: तुम्ही बाळासाहेबांचे कोण?