मीनल भेकराची कुलूपबंद मोटारसायकल

एका जंगलात वाघ कमी झाले होते आणि दुचाक्या वाढल्या होत्या. मुलांनो, मांडी घालून बसा. मध्येच पाणी प्यायला कुणी उठायचं नाही.

त्या जंगलात मीनल नावाचं एक तरुण भेकर राहत होतं. पान पडलं तरी मीनल दचकायची. नाही पडलं, तर का पडलं नाही म्हणून दचकायची.

अशा मीनलने तीन वर्षं राबून स्वतःच्या कमाईची लाल मोटारसायकल घेतली होती. तिच्या अख्ख्या कळपात आजवर कुणी सायकलही घेतलेली नव्हती. आता तिला घाटापलीकडच्या जंगलात नोकरी लागली होती. सूर्य मावळायच्या आत हजर व्हायचं होतं. रात्रंदिवस एकच घोर, वाटेत गाडी चोरीला गेली तर?

तिने चार जणांना विचारलं. चौघांनी चौदा सल्ले दिले. तिने चौदाही ऐकले.

"आणि हे बघ मिनू," आई म्हणाली, "गाडीचे कागद बरोबर नेऊ नकोस गं. रस्त्यात हरवतात. माझ्या पैठणीच्या घडीत ठेव."

कागद पैठणीत गेले. त्यांचा निदान फोटो काढून ठेवावा, हे मात्र चौदा सल्ल्यांत कुठेच नव्हतं.

दुपारी मीनल घाटाच्या पायथ्याशी अस्वलकाकांच्या हॉटेलपाशी थांबली. तिथे दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. दोघा-तिघांच्या तर चाव्याही तशाच लटकत होत्या. मीनलला त्या मालकांची कीव आली.

तिने हँडल लॉक केलं. पुढच्या चाकाला वेगळं कुलूप घातलं. जाडजूड साखळीने गाडी जांभळाच्या झाडाला बांधली. प्लग काढून पर्समध्ये टाकला. वरून कव्हर घातलं. मग खिडकीपाशी बसून ती एक घोट चहा घ्यायची आणि दोन वेळा गाडीकडे पाहायची.

"नवी गाडी वाटतं, ताई?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

मीनलचा चहा बशीत सांडला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक कोल्हा हसत होता.

"नाही. म्हणजे हो. तुम्हाला कसं कळलं?"

"कव्हर घातलंय ना. जुनीला कोण एवढं जपतं?" कोल्हा म्हणाला आणि हात धुवायला बाहेर गेला. जाताजाता त्याने कव्हराचं टोक उचलून नंबर वाचून घेतला. चहात पडलेली माशी काढण्याच्या नादात मीनलला नेमकं तेवढंच दिसलं नाही.

ऊन कलायला लागलं तशी ती उठली. कव्हर काढलं. साखळीची चावी चाकाच्या कुलपाला लावली. लागेना. दुसरी लावली, ती खुरातून निसटली. कुणी बघत नाही ना, म्हणून तिने मागे पाहिलं. मग पुन्हा मागे पाहिलं. कुलूप अडकलं होतं, म्हणून तिने दगड उचलला.

"ए, कुलूप फोडतीये रे!" झाडावरचं माकड ओरडलं.

झालं. सगळं हॉटेल बाहेर आलं. सगळ्यांत पुढे होते दक्षता समितीचे अध्यक्ष, रानडुक्कर अण्णा. गेल्याच आठवड्यात त्यांची स्वतःची गाडी चोरीला गेली होती. तेव्हापासून कुणाला तरी पकडायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"कुणाची गाडी?"

"मा... माझी."

"मग घाबरतेस कशाला?"

मीनल जन्मापासून घाबरत होती. त्याचं कारण आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कागद दाखव."

"आईच्या पैठणीत आहेत."

माकडं हसून हसून फांदीवरून पडली. अण्णांनी पर्स उलटी केली. प्लग बाहेर आला.

"बघा! सुटे भाग काढून विकते ही!"

तेवढ्यात दात कोरत कोल्हा आला. "काय झालं, अण्णा? अरेच्चा, ही तर माझी गाडी. चाव्याही हिने मारल्या वाटतं!" त्याने गाडीकडे न बघता घडाघडा नंबर सांगितला.

"खोटं!" मीनल किंचाळली. घाबरल्यावर भेकरांचं जे होतं तेच झालं. शब्दाचं भुंकणं झालं.

"भुंकते बघा कशी अंगावर," अण्णा म्हणाले.

"साहेबांनाही कागद विचारा की!" मीनल कशीबशी म्हणाली.

"त्यांना कशाला?" अस्वलकाका म्हणाले. "चेहरा बघून कळतं ना."

चाव्या कोल्ह्याला मिळाल्या. अडकलेलं कुलूप चार माकडांनी मिळून सोडवलं. प्लग अण्णांनी स्वतःच्या हाताने बसवला. गाडी एका किकमध्ये सुरू झाली.

"तिला मारू नका हं," कोल्हा हेल्मेट घालत म्हणाला. "तरुण आहे. सुधारेल."

"काय मोठं मन आहे!" सगळे म्हणाले. अण्णांचे डोळे पाणावले.

लाल गाडी घाट चढून दिसेनाशी झाली. सूर्यही तिच्यामागोमाग गेला. अण्णांनी मीनलच्या खांद्यावर थोपटलं आणि मायेने म्हणाले, "पोरी, चोऱ्या कशाला करायच्या? जरा कष्ट कर, आणि स्वतःच्या पैशाने एक गाडी घे."

तात्पर्य : मुलांनो, गाडीला कुलूप नसलं तरी चालेल, कागद नसले तरीही चालेल. मात्र स्वतःच्या गाडीजवळ जाताना चोरासारखं निवांत जावं. मालकासारखं घाबरत गेलात, तर समिती पकडते.